पाहुणीला दिलेली रेंज

समजा, एक काम तुमच्याकडे आलं आहे. तुमच्या कंपनीची एक वेबसाइट आहे आणि ती खेड्यापाड्यांतल्या मोबाईलवर किती वेळात उघडते, यावर तुम्हाला लक्ष ठेवायचं आहे. रोज उठून खेड्यात कोण जाणार? म्हणून एक यंत्र लावलेलं आहे. यंत्र म्हणजे माणसाशिवाय चालणारा एक ब्राउझर. तो ठरल्या वेळी आपणहून तुमचं पान उघडतो, घड्याळ लावतो आणि निकाल देतो. पान वेळेत उघडलं तर हिरवा ठिपका, नाही तर लाल.

अडचण एवढीच, की हा ब्राउझर बसलाय मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर. तिथं इंटरनेट धो धो वाहतंय. तिथून तुमचं पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडणार. म्हणून त्याचा वेग मुद्दाम आवळावा लागतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. टाकी भरलेली असली तरी तोटी पिळून धार बारीक करायची, तसं. त्यासाठी सेटिंगमध्ये दोन-तीन रकाने असतात. डेटा किती वेगाने खाली येऊ द्यायचा, किती वेगाने वर जाऊ द्यायचा, आणि निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत किती उशीर लावायचा. तुम्ही जो आकडा टाकाल तो झाला डिफॉल्ट. कुणी पुन्हा हात लावेपर्यंत प्रत्येक तपासणी त्याच आकड्यावर होणार. आणि एकदा बसवलेल्या आकड्याला सहसा कुणी हात लावत नाही.

रकाने अगदी रिकामे नसतात. टूल बनवणाऱ्यांनी त्यात आपला एक आकडा घालून ठेवलेला असतो. तो तसाच ठेवाल, की स्वतःचा टाकाल? आणि स्वतःचा टाकायचा तर तो कुठून आणाल?

हर्षाली भोरने तो स्वतः जाऊन आणला. तिच्या जागी बहुतेकांनी एवढे कष्ट घेतले नसते.

हर्षाली येडगावची. वडील भगवंत भोर यांची शेती धरणाच्या खालच्या अंगाला. ऊस, कांदा, थोडी द्राक्षं. इंजिनीअर झाल्यावर तिच्या वर्गातल्या मुली पुण्याला गेल्या. तीही गेली होती, पण वर्षभरातच परत आली. कारण विचारलं की सांगायची, तिथं मी ज्या लोकांसाठी काम करत होते त्यातला एकही कधी डोळ्यांनी बघितला नाही. ओतूरला घेवरचंद शेठजींचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या मुलाने, कल्पेशने, दुकानाच्या वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं. तिथं हर्षाली लागली. खाली साड्यांच्या घड्या आणि वर हे तिघं: कल्पेश, हर्षाली आणि पानांची मांडणी करणारा पप्पू.

त्यांनी बनवलेल्या साइटचं नाव 'पावणं'. लेण्याद्रीला, नाणेघाटाला, भीमाशंकरच्या वाटेवर फिरायला येणाऱ्यांना गावातल्या घरी जेवण आणि मुक्काम मिळवून देणारी. पद्धत सोपी होती. शहरातला माणूस तारीख टाकून मागणी नोंदवायचा. मागणी जवळच्या एका घराच्या मोबाईलवर जायची. घरवाल्यांनी पान उघडून, पाहुण्यांची माहिती वाचून 'या' असं बटण दाबायचं. ठरलेल्या मुदतीत दाबलं नाही की मागणी पुढच्या घराकडे. ज्या घरांकडून उत्तर येत नाही ती घरं आपोआप यादीत खाली सरकायची. शहरातल्या लोकांना ताटकळत ठेवायचं नाही, असा कल्पेशचा नियम होता आणि धंद्याच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता.

त्या घरांतलं एक मंगलचं. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या वर एका वाडीत. मंगलचं नाव हर्षालीनेच नोंदवलं होतं. भात निघालं की मंगल आणि तिचा नवरा भिमाजी दर वर्षी मजुरांच्या टोळीबरोबर खाली जुन्नर-नारायणगावकडे कामाला उतरायचे ते पावसापर्यंत. मुलगी इंद्रायणी मागे आजीपाशी राहायची. हर्षालीने साइटची गोष्ट सांगितल्यावर मंगलने पहिल्यांदा विचारलं ते हेच, की यावर घर चाललं तर खाली जावं लागणार नाही ना? हर्षालीने सांगितलं, नाही लागणार. त्या वर्षी मंगलने पडवीच्या कडेची खोली शेणाने सारवून घेतली, गाद्या आणल्या, आणि टोळीच्या मुकादमाला यंदा येत नाही म्हणून कळवून टाकलं. सुरुवातीला पाहुणे आलेही. नाचणीची भाकरी, हुलग्याचं कालवण खाऊन, फोटो काढून गेले.

त्याच सुमारास वेगाच्या तपासणीचं काम हर्षालीकडे आलं. टूलमधला तयार आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडली. बराच संथ आकडा होता तो. म्हणाली, हा काढला कुणी? कुठल्या गावाला गेलं होतं ते? आपली माणसं आपल्याला माहीत आहेत, मग त्यांचा वेग परक्याने का ठरवायचा?

शेठजींना या कामाची भारी गंमत वाटायची. एकदा वर चहा प्यायला आले तेव्हा कल्पेशला म्हणाले, "तू हिला इंटरनेट हळू करायचा पगार देतो? अरे, ते तर मोबाईलवाले फुकटात करून देतात."

"पप्पा, किती हळू करायचं ते ती शोधतेय," कल्पेश म्हणाला.

"मग शोधा राव. आमच्या वेळी लोक जोरात पळायचं शिकायचे."

हर्षाली एसटीने, पुढे जीपने, पुढे पायी अशी सगळ्या घरांना गेली. स्वतःचा साधा मोबाईल बरोबर, त्यात वेग मोजायचं ॲप. मंगलच्या वाडीत घराच्या आसपास रेंज येत नाही. शाळेच्या मागे एक टेकाड आहे, त्यावर लांबच्या टॉवरची पोच आहे. वाडीतलं मोबाईलवरचं सगळं काम तिथं चालतं. पोरं रील बघायला तिथं, गुरुजी हजेरी पाठवायला तिथं, आणि मंगलही साइटची मागणी बघायला तिथंच. मंगल तिला वर घेऊन गेली, बसायला पोतं अंथरलं, आणि आधीच बसलेल्यांना पुढे होऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ती माणसं हसली, मोबाईल खिशात घालून जरा बाजूला सरकून बसली. हर्षालीला वाटलं, आपण काय करतोय याचं त्यांना कुतूहल आहे.

तिने काम मात्र मन लावून केलं. एकदा मोजून समाधान मानलं नाही. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, दिवस कलल्यावर मोजलं. दर वेळी मंगल बरोबर. आकडा दर वेळी चांगला आला. टूलमधल्या आकड्याच्या दुप्पटीच्या वर. इतर वाड्यांतही थोड्याफार फरकाने तसंच. परत येताना जीपमध्ये तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात थोडा ताठाही होता. आपल्या गावांना लोक समजतात तेवढी ती मागे नाहीत, असं तिने ऑफिसात येऊन सांगितलं.

तिने तो आकडा डिफॉल्ट म्हणून बसवला. बसवून गप्प राहिली नाही, त्याची चाचणी घेतली. पहिल्या दिवशी निकाल संशय यावा इतका चांगला आला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ब्राउझरने आधीच्या वेळचे फोटो साठवून ठेवलेत आणि तेच पुन्हा दाखवतोय. मग तिने तो दर वेळी कोरा सुरू होईल अशी व्यवस्था केली. आवळलेला वेग खरोखर आवळला जातोय का, हे मोठी फाइल उतरवून बघितलं. टेकाडावर तिच्या मोबाईलवर पान उघडायला जेवढा वेळ लागला होता, तेवढाच यंत्रातही लागत होता. सगळं जुळत होतं. या कामातला कुणी जाणकार आला असता तरी त्याला बोट ठेवायला जागा मिळाली नसती.

हिरवे ठिपके लागले. वेळेची मर्यादा अजून बरीच लांब आहे असं दिसल्यावर कल्पेशने पानावर आणखी गोष्टी घ्यायला सांगितल्या. घरवाल्यांना पाहुण्यांचे फोटो दिसावेत, ते कुठून येणार त्याचा नकाशा दिसावा. पप्पूने त्या घातल्या. ठिपके हिरवेच राहिले.

यादीत मंगलचं नाव खाली चाललेलं हर्षालीला दिसलं होतं. नावापुढे 'मुदत संपली' असं येत होतं. तिला वाटलं, शेतात गुंतली असेल, किंवा हौस फिटली असेल. एकदा फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावू म्हणाली आणि राहून गेलं. या दोन वाक्यांपाशी ती आजही अडखळते. यंत्र हिरवं दाखवत होतं म्हणून पुन्हा फोन लावला नाही, असं ती सांगते. ठिपका नसता तर नक्की लावला असता.

पुढच्या मार्चमध्ये येडगावला कांदा काढणीला आला. भगवंतरावांनी नेहमीच्या मुकादमाला सांगून टोळी आणली. रविवार होता म्हणून हर्षाली आईबरोबर, साळुबाईंबरोबर, वावरात चहा घेऊन गेली. बायका ओळीने बसून विळ्याने कांद्याची पात कापत होत्या. त्यातली एक मान वर करून बघायला लागली, आणि हर्षालीच्या हातातली किटली तशीच राहिली.

मंगल होती. तिला हे वावर हर्षालीच्या घरचं आहे हे माहीत नव्हतं. उठून उभी राहिली, हात पदराला पुसले, आणि घरी आल्यासारखी हसली. म्हणाली, ताई, तुमी हितं? इकडची तिकडची चौकशी झाली. मग मंगलनेच जरा बाजूला घेऊन विचारलं.

"येक इचारू? राग नका मानू. आमचं जेवाण कुनाला बाधलं का? कुनी काई वंगाळ लिवलं व्हतं का त्याच्यात?"

"नाही ओ मंगलताई. कुणीच काही वाईट लिहिलेलं नाही. तुम्हाला मागण्या येत होत्या. तुम्हीच हो म्हणत नव्हता."

"म्या?" मंगलला हे नवीन होतं. "म्या तर टेकाडावं बसून ऱ्हायची. ते गोल गोल फिरायचं नुस्तं. येका मानसाचं डोस्कं दिसायचं, खालचा फोटू येयाच्या आधी येळ संपली म्हनायचं."

"मग मला का नाही सांगितलं? कुणाच्या तरी हाती निरोप द्यायचा."

"तुमी सोता मोजून गेल्या व्हत्या की. मोजण्यात चांगलं निघालं म्हनल्यावर आमाला वाटलं, आमचाच मोबाईल खराब झाला. ह्ये म्हनले, आपलंच काईतरी चुकतंय. त्यांना कशाला तरास."

"मी मोजली तेव्हा रेंज चांगली होती, ताई. तीनतीनदा मोजली."

"आसनारच," मंगल सहज म्हणाली. "तवा समद्यांना सांगून ठेवलं व्हतं, पावणी बसल्यात, मोबाईल बंद करा. पावणी जेवायला बसल्यावं आपुन ताटं घेऊन बसतो का मंग?"

मागून साळुबाईंनी हाक दिली, की गप्पा मारायच्या तर बसून मारा, पण चहाचं पाणी झालं. बायका हसल्या. मंगल आपल्या ओळीत जाऊन बसली. हर्षाली किटली घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर ती हसून बाजूला सरकणारी माणसं आली. लांबच्या टॉवरची एक पातळ पोच त्या टेकाडावर येते. जेवढे मोबाईल चालू, तेवढी तिची वाटणी. तिने मोजली होती ती वाडीची रेंज नव्हती. वाडीने आपल्या हिश्शाची काढून तिच्या पुढ्यात वाढलेली ती रेंज होती. आणि इतर वाड्यांतही ती पाहुणी म्हणूनच गेली होती.

सोमवारी तिने यंत्रात टूलचा मूळचा आकडा परत घातला. संध्याकाळपर्यंत ठिपके लाल झाले. कल्पेश तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. "म्हणजे तू हे बदललंच नसतं तर..." एवढं म्हणाला आणि वाक्य त्याने सोडून दिलं. तो चांगला माणूस आहे. त्याने तिला दोष दिला नाही, कारण फोटो आणि नकाशा घालायला त्यानेच सांगितलं होतं. पप्पूने ते काढले. साधं पान केलं, नाव, तारीख, माणसं किती आणि बटण. मुदतही वाढवली. खाली गेलेली घरं वर आणली, आणि मंगलचं घर पुन्हा पहिलं लावलं.

पण मंगल वाडीत नव्हती. हर्षाली टोळीच्या पालावर तिला हे सांगायला गेली तेव्हा मंगलने सगळं नीट ऐकून घेतलं. बरं झालं म्हणाली. मग सांगितलं, की मुकादमाला आता पावसापर्यंत शब्द दिलाय, मधून सुटता येणार नाही. सासूबाई, लंकाबाई, थकल्या म्हणून थोरल्या दिराकडे गेल्या. घरी कुणी नाही म्हणून इंद्रायणीला आश्रमशाळेत घातलं. पहिल्यांदा लई रडली, आता रमलीय म्हणतात. पाहुण्यांच्या खोलीत सरपण भरून ठेवलंय. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. शेवटी हर्षालीचीच समजूत काढल्यासारखं म्हणाली, पुढल्या साली बघू, तुमी जिवाला लावून घेऊ नका.

हर्षालीने ते लावून घेतलं आहे. ती कामावर हसते, बोलते, शेठजींच्या थट्टेला उत्तर देते. पण तो रकाना उघडला की तिचा हात थांबतो. टूलचा जुना आकडा तिने ठेवला आहे, तोही परक्याचाच. त्याने लाल दाखवलं म्हणून तो आमचा होत नाही, म्हणते. आमच्या काही वाड्या त्याहून संथ असतील, त्या अजून हिरव्यात दिसत असतील.

कल्पेशने सुचवलं, की लोकांच्या मोबाईलवरूनच वेग गोळा करू. पान उघडलं की ते आपणहून आपला वेळ कळवेल. तिने ते करून बघितलं. आकडे आले, छान आले. मग तिच्या लक्षात आलं, की ज्याचं पान उघडतं तोच मोबाईल काही कळवतो. ज्याचं अर्ध्या फोटोवर अडकलं आणि माणूस कंटाळून घरी गेला, त्याच्याकडून काहीच येत नाही. मंगल त्या आकड्यांत कधीच आली नसती.

मग तिने वाडीतल्या गुरुजींना विनंती केली, की तुम्ही तिथलेच आहात, तुम्ही मोजून पाठवा. गुरुजींनी आवर्जून पाठवलं. आकडा तिच्या पहिल्या आकड्यापेक्षाही चांगला. हर्षालीने फोन करून विचारलं, कधी मोजलं? गुरुजी म्हणाले, तुमचा आकडा चांगला यावा म्हणून भल्या सकाळी जाऊन मोजला, टेकाडावर कुणी नसताना. हर्षालीने त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

शेवटी ती एकदा न कळवता गेली. डिंभ्यापासून पुढे मिळेल त्या गाडीने, मग चालत, घरांच्या मागून थेट टेकाडावर. वर नेहमीसारखी माणसं होती. कुणी व्हिडिओ बघत होतं, कुणी पुण्यातल्या भावाशी बोलत होतं. ती बाजूला दगडावर बसून मोबाईल काढणार, एवढ्यात एका म्हाताऱ्याने ओळखलं. भिमाजीच्या घरी आल्या होत्या त्याच पावणी, म्हणाला. हर्षाली घाईने म्हणाली, बाबा, कुणी काही बंद करू नका, चालू राहू द्या, मला चालूच पाहिजेत. म्हाताऱ्याने समजल्यासारखी मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. आणि एकेकाने मोबाईल खिशात घातला. एकाने तर पुण्यातल्या भावाला नंतर करतो सांगून फोन ठेवला. कुणीतरी तिच्यासाठी पाणी आणायला खाली गेलं.

तिने मोजलं नाही. पाणी प्यायली, इंद्रायणी सुट्टीत येते का विचारलं, आणि मंगलच्या कुलूप लावलेल्या दारावरून खाली उतरली.

या कामातली मोठी माणसं भेटली, की ती त्यांना यंत्राबद्दल, आकड्यांबद्दल पुष्कळ विचारते, आणि ते उत्तरंही देतात. एका प्रश्नाचं उत्तर मात्र तिला अजून कुणी दिलेलं नाही: त्या टेकाडावर पाहुणी न होता बसायचं कसं?